जुन्या सागवानातले हट्टी खिळे काढताना

कौलारू घर उतरवून त्या जागी स्लॅबचं घर उभं राहतं तेव्हा भाल, वासे, रिपा, दारांच्या चौकटी असा लाकडाचा मोठा ढीग अंगणाच्या कडेला येऊन पडतो. त्यातलं सागवान पन्नास-साठ वर्षं मुरलेलं असतं. ते वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं, सुकायचं तेवढं सुकलेलं असतं. असं लाकूड आज नवं विकत घ्यायला गेलात तर मिळणं अवघड आणि मिळालं तरी परवडणं अवघड. तरीही त्यातलं बरंचसं सरपणात जातं किंवा पडेल भावाने विकलं जातं, आणि त्याचं कारण असतात खिळे. वखारीतला माणूस खिळे असलेलं लाकूड यंत्रावर घ्यायला तयार नसतो. त्याचं बरोबरच आहे. आत लपलेल्या एका खिळ्याने करवतीच्या पात्याचे दात उडतात, रंध्याच्या धारेला खाच पडते.

हे खिळे घरच्या घरी, हाताच्या हत्यारांनी, लाकूड न फाडता काढता येतात. ताकद फारशी लागत नाही, क्रम मात्र पाळावा लागतो. आधी खिळ्याची पकड मोडायची, मग त्याला उचलायचं, आणि उचलताना टेकू कायम खिळ्याजवळ ठेवायचा. बाकी सगळं याच्याभोवतीच येतं.

खिळा इतका घट्ट का बसतो

खिळा ठोकला जातो तेव्हा तो लाकडाचे तंतू बाजूला सारतो आणि खालच्या दिशेने दुमडतो. हे दुमडलेले तंतू चहूबाजूंनी खिळ्याला दाबून धरतात. खिळा वर ओढला की ते अडसरासारखे अंगावर येतात. म्हणून सगळ्यात जास्त जोर लागतो तो खिळा पहिल्यांदा हलवताना. एकदा तो दोन-तीन मिलिमीटर सरकला की पुढचं काम निम्म्याहून सोपं होतं, कारण पकड सुटलेली असते आणि लाकडातली लांबीही कमी कमी होत जाते.

त्यात गंज आला की गोष्ट बदलते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे खिळा आतल्या आत फुगून भोकात आवळला जातो. वरून तो खरखरीत होतो आणि तंतू त्या खरखरीत पृष्ठभागाला चिकटतात. कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने हे फार लवकर होतं. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे सागातला खिळा आतून बऱ्यापैकी शाबूत सापडतो. गंजलेलं असतं ते बाहेर राहिलेलं डोकं. बाभळीचं उलट असतं. तिच्यातल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन खिळ्याभोवती काळा-निळा डाग पसरतो आणि खिळाही झिजून बारीक होतो. असा खिळा ओढताना हमखास मध्ये तुटतो, तेव्हा बाभळीच्या लाकडाला जास्त सबुरीने हात घालावा.

खिळा कोणता आहे तेही पाहून घ्या. फार जुन्या घरांत लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे सापडतात. ते टोकाकडे निमुळते असतात, म्हणून जरा उचलले की एकदम सैल होतात. आजचा तारेचा गोल खिळा वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचा असतो. तो शेवटच्या बोटभर लांबीपर्यंत झुंजतो.

कोणती हत्यारं हवीत

मुख्य हत्यार जंबूर. दोन वाकड्या जबड्यांचा, समोरून धार असलेला, सुताराच्या पेटीत असतोच. आठ किंवा दहा इंची घ्या. सहा इंची जंबूर चपला-बुटांच्या चुकांना (बारीक खिळ्यांना) ठीक, तीन इंची खिळ्याला नाही. विकत घेताना जबडे मिटून उजेडासमोर धरा. दोन्ही धारा टोकापासून टोकापर्यंत एकमेकींना भिडल्या पाहिजेत, मधून उजेड दिसता कामा नये. जबड्याची बाहेरची बाजू गोल आणि गुळगुळीत हवी, कारण लाकडावर लोळणार आहे ती तीच बाजू. खरखरीत असेल तर कानशीने घासून घ्या आणि वरून पॉलिश पेपर मारा. जुन्या बाजारात मिळणारे वापरलेले जंबूर बरेचदा नव्यांपेक्षा चांगल्या पोलादाचे असतात, फक्त त्यांचा सांध्याचा मधला खिळा ढिला झालेला नाही ना ते हलवून पाहा.

अनेकांच्या घरी पक्कड असते आणि तिनेच काम भागवायचा प्रयत्न होतो. पक्कड खिळा पकडते, पण तिला लाकडावर टेकायला गोल पाठ नाही. मग माणूस सरळ वर ओढत बसतो, मनगट दुखतं, पक्कड सटकते आणि बोटं सोलून निघतात. जंबुराचं तसं नाही. त्याचं हँडल २० सेंमी आणि जबडा टेकतो तिथपासून खिळ्यापर्यंतचं अंतर दीड सेंमी धरलं, तर हाताचा १० किलोचा जोर खिळ्यावर १३० किलोच्या आसपास होतो. पंजाच्या हातोडीचा दांडा ३० सेंमी असला तरी टेकण्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर ४ सेंमीच्या घरात जातं, म्हणजे पट साडेसातच. म्हणून घट्ट बसलेल्या खिळ्याची सुरुवात जंबुराने करावी आणि लांबी काढायला हातोडी घ्यावी.

याशिवाय पंजाची हातोडी, एका टोकाला फट असलेली छोटी पहार, अर्धा इंची जुनी पटाशी (चांगली धार लावलेली या कामाला वापरू नका), बोथट टोकाचा पंच, हॅक्सॉचं सुटं पातं, तारेचा ब्रश, आणि वेगवेगळ्या जाडीचे लाकडी ठोकळे. पत्र्याचा हातभर तुकडा आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक हाताशी असू द्या.

डोळ्यांना चष्मा हवाच. खिळ्याचं डोकं तुटून उडतं तेव्हा ते दिसतही नाही. पायात जाड तळाचे बूट घाला, चप्पल नको. हातमोजे कातडी घ्या. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, ते माती-शेणात असतात. पण उतरवलेल्या घराच्या लाकडावर दोन्ही भरपूर असतं. लशीचा शेवटचा डोस कधी घेतला ते आठवत नसेल तर काम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. काम चालू असताना टोकं वर आलेली फळी जमिनीवर तशीच कधी ठेवू नका, अगदी दोन मिनिटांसाठीही.

आधी लाकूड नीट पाहा

पावसात भिजलेलं लाकूड लगेच हातात घेऊ नका. ओलं लाकूड मऊ असतं, त्यावर जबड्याचे चेपे खोल पडतात. सावलीत, खाली ठोकळे देऊन, वारा लागेल असं रचून ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. मग ब्रशने माती, जुना चुना, रंगाचे पापुद्रे काढा. खिळे दिसू लागतील तसे खडूने गोल करा. रंगाखाली गेलेले खिळे चुंबक सांगेल.

फळी उलटून मागची बाजूही बघा. दारं आणि पेट्या बनवताना खिळा आरपार नेऊन पलीकडे टोक वाकवायची पद्धत होती. अशा खिळ्याला समोरून कितीही ओढलं तरी तो निघत नाही, निघालाच तर फळीचा ढलपा घेऊनच येतो. वाकलेल्या टोकाखाली पटाशी किंवा पेचकस सारून आधी त्याला उभं करा, जंबुराने सरळ करा, मगच पुढचं.

पकड मोडणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग खिळा तुटला म्हणून हळहळतात. खिळा वर ओढण्याआधी त्याला खाली ठोका. डोक्यावर पंच धरून हातोडीचा एकच नेमका फटका, खिळा जेमतेम मिलिमीटरभर आत जाईल इतकाच. ऐकलंत तर एक कोरडा ‘टक्’ असा आवाज येतो. गंज आणि लाकूड यांचा सांधा सुटल्याचा तो आवाज. खाली फळी पोकळ राहील असं ठेवू नका, खिळ्याच्या बरोबर खाली भक्कम आधार हवा, नाहीतर फटक्याचा जोर फळीच्या लवण्यात वाया जातो.

टोक मागून बाहेर आलेलं असेल तर आणखी सोपं. फळी उलटी करा, दोन ठोकळ्यांवर अशी ठेवा की खिळ्याचं डोकं मधल्या मोकळ्या जागेत येईल, आणि टोकावर हलके हलके ठोकत खिळा मागे ढकला. टोक वाकू लागलं तर थांबा, जंबुराने सरळ करा, वाकलेला भाग कापून टाका आणि उरलेल्या बुंध्यावर पंच ठेवून ठोका. डोकं पलीकडे अर्धा सेंटिमीटर वर आलं की काम झालं.

तरीही हलला नाही तर उष्णता द्या. सोल्डरिंगची इस्त्री डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवून ठेवली की लोखंड किंचित प्रसरण पावतं, थंड होताना आकसतं, आणि जुना रंग-वार्निश मऊ होऊन सुटतो. ज्योत वापरू नका. सुकं सागवान, आत जुनं तेल-पॉलिश, भोवती भुसा, अशा ठिकाणी आगीशी खेळ नको. गंज सोडवणारं तेल किंवा रॉकेल टाकण्याचा सल्ला सगळेच देतात. आडोशाला राहणाऱ्या वाशावर जरूर टाका. पण ज्या फळीला पुढे पॉलिश होणार आहे तिथे ते तेल तंतूंत शिरून डाग ठेवतं आणि त्या जागी फेव्हिकॉलही धरत नाही, म्हणून मी ते शक्यतो टाळतो.

डोकं हाती येणे

डोकं फळीच्या सपाटीला किंवा खाली असेल तर त्याच्याखाली शिरायला जागा करावी लागते. पटाशी डोक्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर लांब, तिरकी, डोक्याखाली जाईल अशी धरा आणि मोगरीने (लाकडी हातोड्याने) हलकं ठोका. दोन समोरासमोरच्या बाजूंनी असं करा. पटाशी तंतूंच्या दिशेने लावली तर लाकूड फाटत जातं. तंतूंना आडवी लावली तर छोटी स्वच्छ खाच पडते. कोणती बाजू दिसणार आहे आणि कोणती झाकली जाणार आहे हे ठरवून शक्य तेवढी खोद झाकणाऱ्या बाजूने करा.

आणखी एक सरळ उपाय: दोन फळ्या एकमेकींवर ठोकलेल्या असतील तर वरची फळी पहारीने अर्धा इंच उचका आणि मग तिच्यावर, खिळ्याशेजारी, ठोकळा ठेवून परत खाली ठोका. फळी खाली बसते, खिळा मात्र वरच राहतो आणि डोकं आपोआप हाती येतं.

जंबूर फिरवण्याची रीत

आता मुख्य काम. खिळ्याशेजारी पत्र्याचा तुकडा ठेवा, जबडा त्यावरच टेकेल. जंबूर उभा धरा, खिळा जबड्यांच्या मधोमध, शक्य तितका लाकडाजवळ पकडा. डोक्याला नाही, डोक्याखालच्या दांड्याला. हँडल दाबताना सांभाळा: जंबुराला धार असते, जास्त आवळलं तर खिळा कापला जातो. खिळा सटकणार नाही इतकंच दाबायचं.

मग हँडल एका बाजूला झुकवा. ओढू नका. जबड्याची गोल पाठ पत्र्यावर लोळते आणि खिळा तिच्यासोबत वर येतो. लोळण पूर्ण झाली की जबडा सैल करा, पुन्हा उभा करा, पुन्हा खाली लाकडाजवळ पकडा, पुन्हा लोळवा. प्रत्येक वेळी खिळा थोडाच येईल, पण सरळ येईल. एका झटक्यात जास्त काढायच्या नादात जबडा खिळ्याच्या वरच्या टोकाला ठेवला की टेकू लांब जातो, खिळा वाकतो आणि भोक लांबुळकं होतं.

कोणत्या दिशेला झुकवायचं यालाही कारण आहे. हँडल ज्या बाजूला झुकतं त्या बाजूला खिळा भोकाची कड दाबतो. फळीच्या मध्यभागी असाल तर तंतूंच्या लांबीच्या दिशेने झुकवा. लाकूड त्या दिशेला दाब जास्त सोसतं, आणि चेपा पडलाच तर रंध्याखाली तो निघून जातो. फळीच्या टोकाजवळ असाल तर हँडल नेहमी फळीच्या आतल्या बाजूला झुकवा, टोकाकडे नाही, नाहीतर तिथून फळी चिरते.

दोनदा लोळवूनही खिळा जागचा हलला नाही, तर जोर वाढवू नका. जबड्यात धरलेला खिळा स्वतःभोवती थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे पिळा. गोल खिळ्याला हे लगेच लागू पडतं. चौकोनी खिळा पिळू नका, त्याच्या कडा भोक कुरतडतात. त्याला परत एकदा खाली ठोका आणि मग उचला.

लांबी काढणे

खिळा इंचभर बाहेर आला की हातोडीचा पंजा घ्या. पंज्याची फट डोक्याखाली नीट बसवा आणि हातोडीच्या डोक्याखाली खिळा बाहेर आला आहे तेवढ्याच उंचीचा ठोकळा सरकवा. ठोकळा नसेल तर हातोडी जशी उलटते तसा टेकू मागे सरकतो, खिळा सरळ वर न येता तिरका ओढला जातो, आणि दांडा तुटायची वेळ येते. खिळा वर येईल तसा ठोकळा बदलत जा. म्हणूनच वेगवेगळ्या जाडीचे ठोकळे सांगितले.

तुळईतले पाच-सहा इंची खिळे पहारीनेच निघतात. तिथेही ठोकळा हवाच, आणि पहारीवर अंगाचा भार टाकण्याऐवजी दोन्ही हातांनी हळूहळू दाब वाढवत न्या. पाय पहारीच्या मार्गातून बाजूला ठेवा; खिळा अचानक सुटला तर पहार सुटते ती थेट नडगीवर.

डोकं तुटलं, खिळा मोडला, तर

डोकं तुटून दांडा थोडा वर असेल तर जंबूरच पुरतो, कारण त्याला डोकं लागत नाही. दांडा सपाटीला असेल तर पटाशीने भोवती चार-पाच मिलिमीटर खोल वाटी कोरा आणि जंबुराचं टोक आत उतरवा. मागे मोकळी जागा असेल तर पंचाने पुढेच ठोकून पलीकडून काढा. पंच खिळ्यापेक्षा बारीक हवा. बाजारात खिळे गेजवर मिळतात आणि गेज वाढला की जाडी कमी होते: ८ गेजचा खिळा ४ मिलिमीटरचा, १० गेजचा सव्वातीन, १२ गेजचा २.६ मिलिमीटरच्या आसपास. त्यावरून पंच निवडा.

काहीच चाललं नाही तर पोलादी नळी. खिळ्यावरून सहज जाईल अशी, १० गेजला आतून पाच मिलिमीटरची, नळी घ्या. तिच्या तोंडावर कानशीने चार-सहा दात पाडा आणि हाताच्या ड्रिलला लावून खिळ्याभोवती हळूहळू फिरवा. सुरुवातीला नळी घसरते, म्हणून प्लायवूडच्या तुकड्याला नळीच्या मापाचं भोक पाडून तो फळीवर शिकंज्याने आवळा आणि नळी त्यातून चालवा. खिळा आणि भोवतीचं लाकूड असं गोल बुच निघून येतं. जागा मोठी जाते, पण गोल आणि स्वच्छ जाते, ती भरता येते.

पॅलेटच्या लाकडाविषयी थोडं

मालाच्या पॅलेटमधलं पाइन अलीकडे बरेच जण वापरतात. त्यातले खिळे पिळाचे किंवा कड्याकड्यांचे असतात, ते सरळ निघत नाहीत आणि ओढले तर मऊ फळी फाटते. तिथे खिळे काढायच्या फंदात न पडता फळी आणि खालचा ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळे कापा, मग उरलेला तुकडा मागून पंचाने ठोकून काढा. पॅलेटवरचा शिक्का आधी वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया केलेलं, ते घरात आणू नका.

भोकं आणि डाग

जबड्याचे चेपे आधी उठवा. त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. खिळ्याचं भोक पाण्यात कालवलेल्या लांबीने (पुट्टीने) भरू नका, ती वर्षभरात सुटून पडते. त्याच सागाची बारीक निमुळती पाचर तासा, तंतूंची दिशा फळीच्या तंतूंशी जुळवा, फेव्हिकॉल लावून हलकेच ठोका आणि सुकल्यावर पटाशीने सपाट करा. अगदी बारीक भोकांना त्याच लाकडाचा पॉलिश पेपरने काढलेला भुसा आणि फेव्हिकॉल पुरतो. काळा डाग राहिला असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण ब्रशने लावा, उजळला की स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. ते विषारी असतं: हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, आणि नंतर घासताना त्याची पूड नाकात जाऊ देऊ नका.

रंधा मारण्याआधी पूर्ण फळीवरून, दोन्ही अंगांनी आणि कडांनीही, चुंबक सावकाश फिरवा. कडा विसरल्या जातात, आणि चौकटीच्या लाकडात बिजागरीचे तुटके स्क्रू नेमके तिथेच असतात. चुंबक एकदाही ओढलं गेलं नाही की लाकूड वखारीत न्यायला तयार आहे.